मागचा बोल्ट

१८ नोव्हेंबर १९७४, सोमवार

टायरवाल्या शेटनं जानेवारीत दिलेली ही डायरी आजवर कोरीच होती. लिहिण्यासारखं काही घडलं की लिहू म्हणून ठेवली होती. आज घडलं. माझ्या जुन्या मालकाची, सिद्धलिंगप्पाची, काळी मॉरिस माझ्या गॅरेजच्या दारात आली, आणि तीही दोरानं ओढत आणलेली. पुढं ट्रॅक्टर, मागं स्टीअरिंगवर म्हातारा स्वतः, डोक्याला रुमाल, बसणं एकदम ताठ.

मी एका टॅक्सीखाली आडवा होतो. गाडी दिसण्याआधी ऐकू आली. डाव्या मागच्या चाकाचा ड्रम घासत होता. सोळा वर्षांपूर्वीही घासायचा. गाडीखालीच मला हसू फुटलं.

"एनप्पा, रामहरी," म्हातारा म्हणाला, म्हणजे त्याच्या कानडीत 'काय रे'. जणू मी कालच संध्याकाळी हात धुऊन त्याच्याकडून घरी गेलो होतो. "हेड काढायचंय. रेडिएटरचं पाणी ऑइलमधी उतरलंय. पेट्रोल म्हाग झाल्यापासनं गाडी उभीच हाय. बोल्ट पार गंजून धरून बसलेत."

"तुम्हीच काढा की मालक. तुमच्यापुढं आम्ही कोण?"

त्यानं दोन्ही हात माझ्यापुढं धरले. पानावर पाऊस पडावा तसे थरथरत होते. "हे असले हात घिऊन?"

"ठेवा गाडी," मी म्हणालो. "आपलंच गॅरेज समजा." आणि चहा सांगितला. बिस्किटंसुद्धा सांगितली.

आता का हसू फुटलं ते लिहितो. १९५८ साली मी स्टेशनजवळ याच्या गॅरेजात मिस्त्री होतो, बावीस वर्षांचा. जेऊरहून रेल्वेनं आलो तेव्हा अंगावरच्या सदऱ्याशिवाय काही नव्हतं, जे शिकलो ते तिथंच. एके दिवशी गावातल्या एका डॉक्टरांच्या गाडीच्या हेडचा बोल्ट मोडला. मोडला सिद्धलिंगप्पाच्या हातानं. मी शेजारच्या गाडीखाली होतो, मला 'टक्' ऐकू आलं, त्याचा श्वास अडकलेलाही ऐकू आला. संध्याकाळी डॉक्टर आले, गॅरेज भरलेलं होतं. त्या सगळ्यांसमोर त्यानं माझ्याकडं बोट केलं आणि म्हणाला, "याच्या हातात पाना देऊ नका. हा मोडतो."

त्या दिवसापासून सोलापुरात मी 'मोड्या'. चहावाला मोड्या म्हणायचा. यानं हाकललं, आणि तीन महिने दुसऱ्या कुणी कामाला ठेवलं नाही. माढ्याची ठरलेली सोयरीक मोडली. मुलीच्या मामानं विचारलं, "पोरगा सगळंच मोडतो का?"

तेव्हापासून मी एकही बोल्ट मोडलेला नाही. एकही. जिल्ह्यात कुणाचा बोल्ट धरला की माझ्याकडं येतात. ते नाव पुसायला मला सहा वर्षं लागली.

१९ नोव्हेंबर, मंगळवार

बेत ठरला. हेड म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण, त्याला अकरा बोल्ट आहेत. दहा मी माझ्या पद्धतीनं सोडवणार. अकरावा, अगदी मागचा, जिथं हात नीट पोचत नाही आणि जो सगळ्यांत जास्त गंजलाय, तो कोरडा ठेवणार. तेल नाही, ठोका नाही, काही नाही. मग गल्लीतले सगळे मिस्त्री आणि टॅक्सीवाले बोलावून म्हाताऱ्याचा सत्कार करायचा. टोपी, टॉवेल, हार. आणि म्हणायचं, "शेवटचा बोल्ट आमच्या मालकांच्या हस्ते."

तो मोडणारच. मोडला की क्षणभर सगळे गप्प होतील. त्या शांततेत मी त्याचंच वाक्य त्याला परत देणार. जसंच्या तसं, एक शब्द इकडं नाही की तिकडं नाही.

आज दुपारी माझी बायको वच्छला म्हणाली, "लई दिसांनी शीळ घालताय." मी म्हणालो, धंदा बरा आहे.

२२ नोव्हेंबर, शुक्रवार

माझी पद्धत मी कुणाला सांगत नाही, पण डायरी काय चुगली करणार आहे?

आधी बोल्टभोवतीची घाण तारेच्या ब्रशनं काढायची. मग रॉकेल आणि गिअर ऑइल निम्मं निम्मं, थेंबाथेंबानं, सकाळ-संध्याकाळ, चार दिवस. लोक तासभर वाट बघतात आणि पान्यावर लोंबकळतात. गंजाला घाई चालत नाही. रोज पितळी दांडी ठेवून बोल्टच्या डोक्यावर हलके ठोके द्यायचे, म्हणजे तेल आत उतरतं. चौथ्या दिवशी पाना लावला की आधी सोडवायचा नाही, किंचित आवळायचा. गंजाची पकड तिथं सुटते. मग थोडा उलटा, थोडा सुलटा, पुन्हा तेल. आणि कान द्यायचा. बोल्ट ओरडला तर भिऊ नये, ओरडणारा बोल्ट जिवंत असतो. ओरडता ओरडता एकदम गप्प झाला आणि हाताला मऊ लागला, तर तिथल्या तिथं थांबायचं. तो सुटत नसतो, पिळला जात असतो.

सोलापुरात बोल्ट इतके का धरतात ते मला आजवर कळलेलं नाही. कोकणात धरले तर समजू शकतो. इथं आठ महिने हवा अशी कोरडी की ओठ फुटतात, तरी माझ्याकडं येणाऱ्या प्रत्येक गाडीचं हेड गंजलेलं. माझं नशीब, दुसरं काय. त्याच्यावरच तर गॅरेज उभं राहिलं.

मकदूम माझ्याकडं वेल्डिंग करतो, दहा वर्षं झाली. तो आज म्हणाला, "उस्ताद, ये पिछला सुकाच रह गया."

"राहू दे."

"कायकू?"

"त्याला उपास आहे."

तो हसला नाही. माझ्याकडं बघितलं, बोल्टकडं बघितलं, आणि काच डोळ्यांवर ओढून कामाला लागला.

आज दोनदा माझा हात तेलाची बुधली घेऊन आपोआप मागच्या बोल्टपर्यंत गेला. सवय वाईट असते. दोन्ही वेळा मागं घेतला.

२६ नोव्हेंबर, मंगळवार

दहा बोल्ट निघाले. दहाच्या दहा अख्खे. तीन तर असे ओरडले की समोरचा पानपट्टीवाला बघायला आला.

बोल्टच्या मुळाशी पांढरट-हिरवट, चिकट थर होता. वास घेतला, जुन्या खोबऱ्याचा. तेवढ्यात सिद्धलिंगप्पाची बायको सावित्रम्मा कडक भाकरी आणि शेंगाची चटणी घेऊन आली. नवऱ्याचा राग मी तिच्यावर कधी धरला नाही. तिनं मला चार वर्षं जेवू घातलंय.

"अम्मा, इंजिनावर हे काय सांडलंय?"

"सांडतंय कशाचं? अमावास्येच्या नारळाचं पानी की," ती म्हणाली. "इसरलास व्हय? तुझीच रीत हाय ती. आदी समदे चाकाम्होरं नारळ फोडायचे. तू आलास आन् म्हनलास, चाकाला काय कळतंय, गाडीचं काळीज बॉनेटखाली हाय, पानी तितं घाला. तवापासनं आमी बॉनेट उघडूनच घालतो. एक अमावास्या चुकली न्हाय."

खरं सांगतो, छाती भरून आली. माणूस हाकलला, पण त्याची रीत ठेवून घेतली. माझ्या गॅरेजातही तीच चालते. दर अमावास्येला दहा-पंधरा टॅक्सीवाले बॉनेट उघडून रांगेत उभे असतात, म्हणतात इंजिनापर्यंत पोचणारी खरी पूजा रामहरी मिस्त्रीकडंच. दहा मैलांवरून येतात.

अम्मा निघताना म्हणाली, "ह्यांना रातीला झोप न्हाय बघ. तुझ्याकडं गाडी लावल्यापासनं."

गाडीची काळजी असेल. असू दे.

१ डिसेंबर, रविवार

आजचं आजच लिहून टाकतो.

वीस-बावीस माणसं जमली. गल्लीतले सगळे मिस्त्री, टॅक्सीवाल्यांचा पुढारी आप्पा, आणि सोळा वर्षांपूर्वी त्या संध्याकाळी हजर होता असा एक म्हातारा क्लीनर, कोंडीबा. त्याला मी मुद्दाम रिक्षा पाठवून आणवला. भजी तळली. सिद्धलिंगप्पाला टोपी घातली, खांद्यावर टॉवेल टाकला, हार घातला. मी दोन शब्द बोललो. चांगलं बोललो. "ज्यांनी आमच्या हातात पहिल्यांदा पाना दिला" वगैरे. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग पाना त्याच्या हातात दिला.

एक गोष्ट मी हिशेबात धरली नव्हती. पाना हातात येताच त्याची थरथर थांबली. डावा पंजा त्यानं हेडवर ठेवला, पाना बसवला, मान वाकडी करून कान दिला, अगदी मी देतो तसा. आणि माझ्याकडं बघितलं. बराच वेळ बघितलं. मी हसरा चेहरा ठेवला.

मग त्यानं जोर लावला. बोल्ट ओरडला. ओरडता ओरडता गप्प झाला. मला कळलं, पिळतोय. त्यालाही कळलं असणार. त्यानं हात थांबवला नाही.

टक्.

मी तोंड उघडलं. त्याआधीच त्यानं बोल्टचं तुटकं डोकं सगळ्यांना दिसेल असं वर धरलं आणि मोठ्यानं म्हणाला, "मोडला. माझ्या हातानं मोडला. आन् अठ्ठावन साली डाक्टरच्या गाडीचा मोडला, तो बी माझ्याच हातानं. ह्या रामहरीवर घातला मी. कोंडीबा, तू हुतास की तवा. ऐकलंस न्हवं?" मग टॉवेलानं हात पुसले. "हां. आता भजी द्या. गार व्हायलीत."

ज्या शांततेसाठी मी सोळा वर्षं थांबलो होतो, ती त्यानंच वापरून टाकली.

२ डिसेंबर, सोमवार

सोळा वर्षं जपलेलं वाक्य तोंडातच राहिलं. चोरानं चोरी कबूल करून चोरीचा माल परत केला, तर पोलिसानं हातातल्या काठीचं काय करायचं?

संध्याकाळी पानपट्टीवर उभा होतो. माझे कान तीक्ष्ण आहेत हे लोक विसरतात. "मोड्या म्हातारा" असा शब्द मागून ऐकू आला. कुणीतरी पान्यावरून काहीतरी घाणेरडा विनोद केला, बाकीचे हसले. मला बरं वाटलं. पान खाल्लं. अर्ध्यात थुंकलं, चुना जास्त होता.

६ डिसेंबर, शुक्रवार

मोडलेला बोल्ट इंजिनाच्या ब्लॉकमध्ये अडकला की खरं काम सुरू होतं. बरोबर मधोमध टोचा मारायचा, बारीक ड्रिलनं भोक, मग त्याहून मोठं, आणि चौकोनी खिळा ठोकून उलटा फिरवायचा. भोक बाजूला सरकलं की ब्लॉक गेला. माझ्याच गॅरेजात माझ्यावर ही वेळ आली. आणि वर हा म्हातारा रोज सकाळी येतो, स्टुलावर बसतो आणि सांगतो, "हळू. निधान. आयुष्यात कदी घाई जिरली न्हाय तुझी." निधान हे म्हणे त्यांच्या कानडीत सावकाश.

आज दुपारी मोडक्या बोल्टचा बुंधा निघाला. तोच पांढरा थर. म्हाताऱ्यानं तो नखानं खरवडला.

"नारळाचं पानी," तो म्हणाला. "मिठावानी खातंय लोखंडाला. ह्या इंजिनाचा उतार मागं हाय, समदं मागच्या बोल्टापाशी साठतंय. डाक्टरच्या गाडीत बी हेच निघालं हुतं."

माझ्या हातातलं ड्रिल तसंच राहिलं. "तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तवाच. तूच वतायचास की दर अमावास्येला, लई भक्तीनं. बोल्ट माझ्या हातात मोडला, पन कुजवला तू. म्हनून तर डोकं फिरलं माझं."

"मग तसं सांगायचं!"

"काय सांगू? डाक्टरला म्हनू, देवाच्या पान्यानं तुमचा बोल्ट खाल्ला? दुसऱ्या दिशी माझ्या गॅरेजात कुत्रं फिरकलं नसतं. तुझ्या हातावर घातलं, मिटलं."

"आणि रीत? ती का बंद केली नाही?"

"एकदा केली की. गिऱ्हाईक म्हनलं, पूजा अर्धीच झाली. आन् ही सावित्री तर इंजिनावर पानी पडल्याबिगर गाडीत पाय ठिवत न्हाय."

मग तो स्टुलावरून उठता उठता म्हणाला, "मागचा कोरडा ठिवला हुतास तू."

मी ड्रिल खाली ठेवलं.

"पाना लावल्या लावल्या कळलं."

"मग फिरवला का?"

"येवढी मानसं बोलीवलीस. टावेल आनलास. न्हाय कसं म्हनू?"

तो गेल्यावर मी हिशेब केला. डॉक्टरांची गाडी आमच्याकडं दोन वर्षं येत होती. म्हणजे चोवीस नारळ, चोवीस वेळा माझ्या हातानं. आणि इतकी वर्षं माझ्या गॅरेजात जे बोल्ट धरून आले, ते कोणाच्या गाड्यांचे? अमावास्येला रांगेत उभे राहणाऱ्यांचेच.

तरीही त्यानं मला एकट्याला बाजूला घेऊन सांगायला हवं होतं. एवढं तरी. त्याला मी सोडणार नाही.

९ डिसेंबर, सोमवार

आता खरा सूड सुचला. सत्कार वगैरे पोरकटपणा होता.

शुक्रवारी अमावास्या आहे. तोवर गाडी तयार होते. पूजा माझ्याच दारात होणार, अम्मा नारळ आणणार, बॉनेट उघडणार. मी फक्त गप्प बसायचं. म्हातारा बायकोला अडवत नाही, इतक्या वर्षांत अडवलं नाही. पाणी मागं साठेल. दोन वर्षांनी दुधनीच्या रस्त्यावर कुठंतरी हेडची गॅस्केट उडेल, आणि तेव्हा अकराच्या अकरा बोल्ट असे धरलेले असतील की माझ्याशिवाय कुणाला सुटणार नाहीत. मी म्हणेन, वेळ नाही. कुणाला कळणार नाही, कुणी बोट दाखवणार नाही.

आज बोल्ट बसवले. प्रत्येक भोकात काडीला चिंधी गुंडाळून फिरवली, आतलं पाणी-तेल टिपून घेतलं. आटे ब्रशनं लखलखीत केले, ग्राफाइट ग्रीसचा हात दिला, अगदी पातळ. मागचा बोल्ट नवा घेतला. त्याच्याभोवतीच्या खळग्यात बोटानं ग्रीस दाबून भरलं, पाणी टिकूच नये असं. मकदूम बघत होता. मी त्याला म्हणालो, काम माझ्या नावानं जातंय, म्हणून.

"मैं कुछ बोल्या क्या?" तो म्हणाला.

१३ डिसेंबर, शुक्रवार, अमावास्या

सकाळी चौदा टॅक्सी रांगेत. सगळ्यांत पुढं काळी मॉरिस, धुऊन चकाचक, इंजिन घड्याळासारखं चालू. मी डोळे मिटून ऐकलं. अकरा बोल्टांवर सारखा दाब असला की हेडचा आवाज एक येतो. तसा येत होता.

इंजिन बंद केलं. अम्मानं बॉनेट उघडायला लावलं, हळदीकुंकू लावलं, दगडावर नारळ फोडला आणि पाण्यानं भरलेली कवड घेऊन इंजिनाशी आली. म्हातारा स्टुलावर बसून माझ्याकडं बघत होता. त्यानं तिला अडवलं नाही.

मी गप्प होतो. दोन श्वास गप्प होतो. तिसऱ्याला मी बॉनेट धाडकन बंद केलं. अम्माची बोटं थोडक्यात वाचली.

"काय मिस्त्री," आप्पा ओरडला, "देवाच्या तोंडावर दार लावताय व्हय?"

मग मी सांगून टाकलं. रीत मी काढली, वीस वर्षांचा अर्धवट होतो तेव्हा. नारळाच्या पाण्यानं लोखंड सडतं. डॉक्टरांचा बोल्ट त्यानं सडला. तुमच्या सगळ्यांचे जे जे बोल्ट मी सोडवले, ते ते आधी मीच धरायला लावले. आणि सत्काराच्या दिवशीचा बोल्ट मी कोरडा ठेवला होता, मुद्दाम. मालकांना माहीत होतं.

"साकु, साकु," म्हातारा मागून पुटपुटला. म्हणजे पुरे. मी पुरे केलं नाही, नारळ चाकापुढं फोडा, पाणी तीर्थ म्हणून प्या, बॉनेट उघडाल तर माझ्या दारात येऊ नका, एवढं सांगूनच थांबलो.

सगळे एकमेकांकडं बघायला लागले. आप्पानं टोपी मागं सारली. "म्हंजी दुखनं बी तुमचं आन् औषध बी तुमचंच! झकास धंदा हाय की ओ मिस्त्री!" हसू उसळलं, पण सगळ्यांचं नाही. पाच टॅक्सी रांगेतून वळून निघून गेल्या. पलीकडच्या गॅरेजात अजून बॉनेट उघडतात. त्या परत येतील असं वाटत नाही. निदान बोल्ट धरेपर्यंत तरी नाही.

अम्मा कवड हातात घेऊन तशीच उभी होती. रागावली होती. शेवटी तिनं पाणी चाकावर ओतलं, अर्धंच. उरलेलं माझ्या हातावर. "पी," म्हणाली. प्यालो.

म्हातारा गाडीत बसला. आभार नाही, काही नाही. काच खाली करून म्हणाला, "डाव्या चाकाचा डरम घासतोय अजून. तेवढं काय जमलं न्हाय तुला." आणि गेला.

इथं स्पष्ट लिहून ठेवतो, मी त्याला माफ केलेलं नाही. करणारही नाही. हेड बसवलं की गाडी थोडी पळल्यावर बोल्ट पुन्हा एकदा आवळावे लागतात, नाहीतर हेडखालची नवी गॅस्केट जाते. बाकी गिऱ्हाइकांचं हे काम मकदूम करतो. याच्याकडं मी स्वतः जाणार, दर रविवारी, पाने घेऊन, त्याच्या घरी. आणि अकराच्या अकरा बोल्ट त्याच्याच हातानं आवळून घेणार. हात थरथरतात म्हणाला, तर ऐकून घेणार नाही.